‘बेने इस्राएल खरंच ज्यू आहेत का?’ : एका प्रश्नात दडलेले तीन प्रश्न

सिनॉप्सिस लिहायला बसलं की बऱ्याच जणांचं पहिलं पान ‘खरंच का?’ या प्रश्नानं सुरू होतं. अमुक समाज खरंच अमुक वंशाचा आहे का? अमुक परंपरा खरंच प्राचीन आहे का? ऐकायला हे प्रश्न दमदार वाटतात. पण पेटच्या मुलाखतीत कुणी विचारलं, ‘म्हणजे नेमकं काय मोजणार?’ की आपली गाडी अडते.

आजचा लेख अशाच एका प्रश्नावर आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, ‘खरंच’ ज्यू आहेत का? हा प्रश्न गेली दोनशे वर्षं विचारला जातोय. मिशनऱ्यांनी विचारला, बगदादी ज्यूंनी विचारला, इस्राएलच्या धर्मपीठानं विचारला आणि अलीकडे जनुकशास्त्रज्ञांनीही. माझा विषय जीवशास्त्र आहे, त्यामुळे मी या सगळ्याकडे जनुकांच्या दारातून आले. पण हा विषय वाचता वाचता सर्वात जास्त शिकायला मिळालं ते जनुकांच्या पलीकडचं. एखादा प्रश्न नीट न फोडता विचारला, तर त्याची किंमत माणसांना मोजावी लागते. इथे तर लोकांची लग्नं अडली होती.

आधी थोडी ओळख

बेने इस्राएल म्हणजे ‘इस्राएलची लेकरं’. समाजाची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि तिथून हा समाज वाढला. नवगावला आज त्याचं स्मारक आहे. पुढे ही मंडळी रायगडच्या गावागावांत पसरली. गावांवरून आडनावं पडली: दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर, किहीमकर. अनेकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी म्हणजे शब्बाथला घाणा बंद, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

हिब्रू भाषा जवळपास विसरली गेली होती. धर्मग्रंथ हाताशी नव्हते. राहिलं होतं ते एवढंच: आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारची सुट्टी, खाण्यापिण्याचे काही नियम, काही सण, आणि ‘शेमा’ ही एकच हिब्रू प्रार्थना. जन्म, लग्न, मरण, प्रसंग कुठलाही असो, तीच म्हणायची. रहाबी नावाच्या एका ज्यू माणसानं या लोकांना ‘ओळखलं’ अशी कथा आहे. त्यानं बायकांना मासे रांधायला दिले आणि त्यांनी खवले-पर नसलेले मासे बाजूला काढले. रहाबी नेमका कधीचा, यावर एकमत नाही. काही अभ्यासक त्याला अठराव्या शतकातल्या कोचीच्या रहाबी घराण्याशी जोडतात.

१७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत. १९५१ च्या जनगणनेत भारतात सगळे मिळून सव्वीस हजारांहून अधिक ज्यू होते. २०११ मध्ये हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास आला. बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथे अश्दोद, दिमोना, बेरशेबा, लोद या शहरांत आज मराठी ऐकू येते.

एका प्रश्नात तीन प्रश्न

‘खरंच ज्यू आहेत का?’ हे वाक्य फोडून बघा. त्यातून तीन वेगळे प्रश्न निघतात.

एक, वंशाचा: यांचे पूर्वज पश्चिम आशियातल्या ज्यू लोकसमूहातून आले का?

दोन, धर्मशास्त्राचा: ज्यू धर्मनियमांप्रमाणे, म्हणजे हलाखाप्रमाणे, यांना ज्यू मानायचं का आणि यांच्याशी लग्न करता येतं का?

तीन, जगण्याचा: हे लोक स्वतःला काय समजतात, प्रार्थना कशी करतात, देवाशी त्यांचं नातं कसं आहे?

पहिल्याचा पुरावा प्रयोगशाळेत आणि दफ्तरखान्यात मिळतो. दुसऱ्याचा निर्णय धर्मपीठ देतं. तिसऱ्याचं उत्तर त्या घरांत जाऊन, तिथल्या माणसांशी बोलूनच मिळतं. एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्याला लावला की गोंधळ सुरू होतो. आता एकेक घेऊ.

वंशाचा प्रश्न: जनुकं काय सांगतात

जनुकांच्या आधी इतिहासकारांकडे काय होतं? फार थोडं. अठराव्या शतकाआधीची कागदपत्रं जवळजवळ नाहीतच. त्यामुळे अंदाज बांधले गेले. उदाहरणार्थ, जुन्या बेने इस्राएल सणांत हनुक्का नव्हता. हनुक्का इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झाला. म्हणजे हे लोक त्याआधीच निघाले असणार, असा एक तर्क. तर्क सुंदर आहे, पण कमकुवत आहे. सण माहीतच नव्हता की काळाच्या ओघात विसरला गेला, हे त्यावरून ठरत नाही. नसलेल्या गोष्टीवरून काढलेला निष्कर्ष नेहमी दोनदा तपासावा.

मग डीएनए आला. सुरुवातीचे अभ्यास वाय गुणसूत्रावर होते. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, म्हणून त्यातून फक्त एक रेषा दिसते: बापाचा बाप, त्याचा बाप, अशी. ज्यू पुरोहित घराण्यांत, म्हणजे कोहेन घराण्यांत, जास्त आढळणारा एक वाय नमुना बेने इस्राएल पुरुषांतही सापडला. २००२ च्या सुमारास वर्तमानपत्रांनी याच्या मोठ्या बातम्या केल्या. पुढे लक्षात आलं की सहा खुणांवर आधारलेला तो नमुना ज्यू नसलेल्या अनेक समूहांतही मिळतो, आणि कोहेन वंशाचा नीट माग काढायला जास्त खुणा तपासाव्या लागतात. ट्यूडर पारफिट आणि युलिया एगोरोव्हा यांनी २००६ मध्ये या साऱ्यावर एक पुस्तकच लिहिलं. चाचणीचा निकाल, त्याची माध्यमांनी केलेली बातमी आणि समाजानं लावलेला अर्थ यांत किती अंतर पडतं, हा त्याचा विषय.

२०१० मध्ये ‘नेचर’मध्ये डोरोन बेहार आणि सहकाऱ्यांचा मोठा पेपर आला. जगभरच्या ज्यू समूहांचे संपूर्ण जीनोममधले लाखो बिंदू त्यांनी तपासले. त्यात बेने इस्राएल भारतीय समूहांजवळ पडले. २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये येदाएल वाल्डमन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांनी म्हटलं की बेने इस्राएलमध्ये भारतीय आणि ज्यू असा दोन्ही वारसा लक्षणीय प्रमाणात आहे.

आता एखादा विद्यार्थी लिहील, ‘या दोन अभ्यासांत मतभेद आहेत.’ थांबा. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतात. प्रिन्सिपल कंपोनंट अनॅलिसिस या पद्धतीत लाखो बिंदूंची माहिती दोन अक्षांवर बसवतात. भिंतीवर सावली पाडण्यासारखं आहे हे. सावलीत ठळक आकार दिसतो, बारीक धागे दिसत नाहीत. जगभरच्या समूहांच्या सावलीत बेने इस्राएल भारतीयांजवळ दिसणं साहजिक आहे. वाल्डमन यांच्या गटानंही ते नाकारलं नाही. पण त्यांनी पुढे विचारलं, स्थानिक समूहांपेक्षा यांच्यात काही वेगळं आहे का? ते सापडलं. त्यांनी तपासलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी समूहांपैकी इतर ज्यू समूहांशी एवढा वारसा वाटून घेणारे हेच होते.

मिसळ कधी झाली, याचं उत्तर काढायची रीत मला फार आवडते. पत्त्यांचे दोन कॅट घ्या, एक लाल पाठीचा, एक निळ्या. एकावर एक ठेवून पिसा. पहिल्या पिसण्यात लाल आणि निळे मोठे गठ्ठे राहतात. जितकं जास्त पिसाल तितके गठ्ठे लहान होतात. आपली गुणसूत्रंही दर पिढीला अशीच पिसली जातात. त्यामुळे आज सापडणाऱ्या ‘ज्यू’ आणि ‘भारतीय’ तुकड्यांच्या लांबीवरून किती पिढ्या उलटल्या याचा अंदाज येतो. या पेपरमध्ये तो १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी असा आला. पिढीला २५ ते ३० वर्षं धरली तर साधारण पाचशे ते हजार वर्षं.

इथे एक सापळा आहे. ही मिसळ होण्याची वेळ आहे, येण्याची नव्हे. लोक आधी येऊन बराच काळ वेगळे राहिले असतील आणि नंतर मिसळले असतील, किंवा मिसळ अनेकदा झाली असेल. नवगावच्या जहाजाची तारीख या पद्धतीतून निघत नाही. कुणी तशी काढली, तर तो निष्कर्ष डेटाच्या पुढे गेलाय असं समजा.

आणखी एक गोष्ट. बायकांकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात, पुरुषांकडे एक. म्हणून एक्सचा दोन तृतीयांश काळ बायकांच्या शरीरात जातो. एक्सवर ज्यू वाटा कमी आणि इतर गुणसूत्रांवर जास्त असेल, तर आलेल्यांत पुरुष जास्त होते आणि स्थानिक बायकांशी लग्नं झाली असा अर्थ निघतो. बेने इस्राएलमध्ये असंच दिसलं.

‘फक्त अठरा माणसांचं सॅम्पल?’ असंही कुणी विचारेल. हो, या अभ्यासात बेने इस्राएल अठराच होते. तुलनेला इतर ४१ ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी समूहांतले ४८६ जण होते. प्रत्येक माणसाच्या जीनोममध्ये शेकडो पूर्वजांचे तुकडे असतात, म्हणून सरासरी मिसळ काढायला अठरा चालतात. दुर्मीळ आजाराची जनुकं शोधायला चालणार नाहीत. सॅम्पल पुरेसं आहे का, हे प्रश्नावर ठरतं.

धर्मशास्त्राचा प्रश्न: जेरुसलेम, १९६४

आता दुसरा प्रश्न. हलाखाप्रमाणे ज्यूपण आईकडून येतं. मग ‘स्थानिक बायका’ हा निष्कर्ष वाचून कुणी म्हणेल, संपलं, हे ज्यू नाहीत! इथेच पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला लावला गेला. हलाखा आईचा डीएनए मागत नाही. धर्म स्वीकारलेली बाई पूर्णपणे ज्यू मानली जाते आणि तिची मुलंही. बायबलमधली रूथ मवाबी होती, परक्या लोकांतली. तिचा पणतू म्हणजे राजा दावीद. जी परंपरा आपल्या सर्वात मोठ्या राजाची पणजी परकी होती हे अभिमानानं वाचते, तिला वंश आणि आपलेपणा यांतला फरक चांगला ठाऊक आहे.

तरीही बेने इस्राएलला त्रास झाला. भारतात आधी बगदादी ज्यूंनी त्यांना अंतरावर ठेवलं होतं. इस्राएलमध्ये गेल्यावर काही रब्बींनी त्यांची लग्नं लावायला नकार दिला. हरकत मुख्यतः पूर्वजांच्या सोयरिकीवर होती: शेकडो वर्षं शास्त्रापासून दूर राहिल्यावर घटस्फोट नियमाप्रमाणे झाले असतील का, बाहेरच्या समाजाशी लग्नं झाली असतील का? प्रमुख रब्बी यित्झाक निसीम यांच्या काळात, १९६१ मध्ये, धर्मपीठानं बेने इस्राएलशी लग्न चालेल असं ठरवलं. पण १९६२ च्या सूचनांत लग्न लावण्याआधी बेने इस्राएल वधूवरांच्या मागच्या पिढ्या जमतील तितक्या तपासा, असं आलं.

विचार करा. अलिबाग-पेणच्या खेड्यातून आलेल्या मुलीनं आपल्या पणजीच्या आईच्या लग्नाचा पुरावा आणायचा कुठून? आपल्याकडे रामकुंडावर तीर्थपुरोहितांच्या चोपड्या असतात. यात्रेला आलेल्या घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्यांत मिळतात. पण जे घराणं कधी नाशिकला आलंच नाही, त्याची नोंद चोपडीत नसते. म्हणून काही त्या घराण्याला पूर्वज नव्हते असं होत नाही. बेने इस्राएलकडे अशी चोपडी नव्हती, आणि पुरावा नसणं हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरत होता.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल कुटुंबं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, खास बैठक घेतली. बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत आणि धर्मपीठानं या भेदभावाचं कारण दूर करावं, अशी भूमिका घेतली गेली. त्यानंतर सूचनांमधून त्या समाजाचं नाव वगळलं गेलं.

तारखा पुन्हा बघा. हा निकाल १९६४ चा, जीनोमचा पेपर २०१६ चा. निकाल लागला तो बैठका, आंदोलन, धर्मशास्त्रीय वाद आणि राजकीय निर्णय यांतून. प्रयोगशाळा तिथे नव्हती आणि तिची गरजही पडली नाही. इस्राएलमध्येच आज दोन व्याख्या शेजारी शेजारी नांदतात. परतण्याच्या कायद्यात १९७० पासून ज्यू आजोबा किंवा आजी असली तरी स्थलांतराचा हक्क मिळतो, पण लग्नासाठी धर्मपीठ आई बघतं. म्हणजे एकाच देशात एकच माणूस एका कचेरीत पात्र आणि दुसऱ्या कचेरीत अपात्र ठरू शकतो.

जगण्याचा प्रश्न: मलिदा आणि बिरडं

तिसरा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ‘सॉफ्ट’ वाटतो, म्हणून आपण तो घाईत उरकतो. मला तर इथलाच डेटा सर्वात समृद्ध वाटतो.

सणांची जुनी नावं ऐका. रोश हशाना म्हणजे ‘नव्याचा सण’. योम किप्पूर म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, दारं बंद करून घरात उपास धरण्याचा दिवस. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस म्हणजे ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मंदिराचं दुःख कोकणातल्या वालात उतरलंय.

मलिदा घ्या. पोहे, खोबरं, साखर, सुकामेवा, शेजारी फळं. हे ताट मांडून एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं स्मरण करायचं, नवस फेडायचा, लग्नाआधी आशीर्वाद मागायचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे. इतर ज्यू एलियाहूला मानतात, पण मलिदा हा बेने इस्राएलचाच. मग याला ‘कोकणी प्रभाव’ म्हणायचं की ‘ज्यू विधी’? बाहेरून बघणारा दोन रकाने आखतो. ताट मांडणाऱ्या घराला रकाने दिसतच नाहीत, त्यांच्यासाठी ती एकच भक्ती असते.

हा समाज काळाबरोबर बदललाही. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी मराठी बायबल आणि हिब्रूचं शिक्षण आणलं. हेतू धर्मांतराचा होता, पण बेने इस्राएलनी त्याचा वापर आपलाच धर्म नीट समजून घ्यायला केला. १८७४ मध्ये पुण्यात छापलेली हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीची पोथी, प्रसिद्ध आहे. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. अब्राहम-योसेफांची आख्यानं मराठी कीर्तनांत आली. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ मध्ये तेल अवीवमध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ‘आधुनिक जगात ओळख टिकते का’ याचं उत्तर इथे असं मिळतं की, ती टिकवताना लोक तिची पुन्हा मांडणी करत असतात. इस्राएलमध्ये गेल्यावर मलिदा सुटला नाही, उलट जास्त ठळक झाला. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथून निघत आलं. भारतात ज्यू म्हणून वेगळे असलेले तिथे मराठी म्हणून वेगळे ठरले.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तुमचा विषय आदिवासी पाडा असो, द्राक्षबागेतले मजूर असोत की एखादी भटकी जमात, यातून चार गोष्टी घेता येतील.

१. प्रश्नात ‘खरंच’, ‘मूळ’, ‘शुद्ध’ असे शब्द असतील तर ते खोडा आणि त्या जागी काय मोजणार ते लिहा. वाक्य लांबेल, पण मार्गदर्शकाला ते कळेल.

२. प्रत्येक उपप्रश्नापुढे तीन रकाने करा: पुरावा कुठला, तो कोण तपासणार, आणि त्यातून काय सिद्ध होणार नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला तर अजून वाचन बाकी आहे.

३. दोन पेपर विरोधात दिसले की आधी त्यांचे प्रश्न तपासा. बऱ्याचदा उत्तरांआधी प्रश्नच वेगळे असतात.

४. ज्यांच्यावर अभ्यास करताय, त्यांच्या हातात तुमचा निष्कर्ष पडला तर काय होईल, हे आधीच लिहून काढा. २०१६ च्या पेपरमधून त्या समाजाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट निघाली: लोकसंख्या एकदा आकुंचली आणि लग्नं आपसातच होत राहिली, म्हणून अप्रभावी जनुकांमुळे होणाऱ्या आजारांचा धोका वाढू शकतो. हे कळणं डॉक्टरांच्या कामाचं आहे. तेच निष्कर्ष एखाद्याच्या लग्नाच्या अर्जावर लावले गेले, तर मात्र आपण १९६२ मध्ये परत जाऊ.

आज घरबसल्या लाळेची चाचणी करून ‘इतके टक्के ज्यू’ असा रिपोर्ट मिळतो. तो आकडा पूर्वजांच्या तुकड्यांचा असतो. शेमा कोण म्हणतं आणि शनिवारी घाणा कोण बंद ठेवतं, हे त्यात छापलेलं नसतं. बेने इस्राएल घरांत ते अनेक पिढ्या कागदाशिवाय चालत आलं. त्यावर संशोधन करायचं असेल तर किट ठेवून द्या आणि आधी त्या घरी बसून ऐकायची तयारी करा.